पुढे जागा आहे

४ फेब्रुवारी, मंगळवार

ती. दादास,
धाकट्या बहिणीचा सप्रेम सलाम. वि. वि.

पत्रास कारण की फोनवर मला काहीच बोलता येत नाही. बाबा शेजारीच बसलेले असतात आणि कोणाचा फोन, कोणाचा फोन म्हणून माझी बाही ओढत राहतात. शिवाय तुझ्या मागे कायम कसली तरी बैठक चालू असते. म्हणून आज जेवणाच्या सुटीत, कारखान्यातल्या खोक्यावर कागद ठेवून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर खोक्याला बोल लाव, मला नको.

बाबांची तब्येत तशी ठीक. जेवतात, झोपतात, दाढी स्वतः करतात. फक्त एक झालं आहे. त्यांना रोज रविवार वाटतो. पूर्वी अधूनमधून गफलत व्हायची, ती आता रोजची झाली. सकाळी मी डोळे उघडते तर हे काळा कोट घालून, बूट चकचकीत करून पलंगाच्या कडेला बसलेले. ऊठ ठमे, दार उघडायला उशीर होईल, म्हणतात. तुला ठाऊकच आहे, कंडक्टरची नोकरी संपल्यापासून चर्चच्या दाराशी उभं राहून गीतांची पुस्तकं वाटायचं काम त्यांच्याकडे होतं. पंचमंडळींनी ते केव्हाच हळूच काढून घेतलं, पण बाबांच्या लेखी ते अजून ड्यूटीवर आहेत. अडवलं तर चिडतात, कडी घातली तर दार बडवतात. म्हणून मी त्यांना घेऊन जाते. चर्चला कुलूप. ते फाटक हलवून बघतात, आज पाळकसाहेबांना जाग आली नाही वाटतं म्हणतात, आणि आम्ही परत येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग त्यांना खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे सोडून मी धावत कामावर. आमच्याकडे दवाखान्यांना लागणारे ऑपरेशनचे डगले शिवतात. मी गळ्याची पट्टी लावते. माझ्या आधीची बाई बाह्या जोडून ढीग लावून ठेवते आणि माझ्या पुढची रिकाम्या हातांनी बसून राहते, म्हणजे एक जण उशिरा आली की सगळी रांग अडते. आमच्या मुकादमीण बाईंना आम्ही शिट्टी म्हणतो, कारण रागावल्या की त्यांच्या पुढच्या दातांतून शिट्टी वाजते. हल्ली मला नुसतं बघितलं तरी वाजते.

आता मुद्द्याचं. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या की टेकडीवरच्या वृद्धाश्रमात एप्रिलमध्ये एक खाट रिकामी होणार आहे. मार्च संपायच्या आत हो की नाही ते कळवायचं. मी काय सांगू, दादा? आई असती तर तिने मला असा विचारही करू दिला नसता. आणि आई नाही, म्हणूनच विचार करावा लागतो आहे. हे मला एकटीने ठरवायचं नाही. तू थोरला आहेस, पाळक आहेस, तूच सांग.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे. राग असला तर तोही कळव.

तुझी,
ठमी


१२ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. खोक्याला बोल लावायची गरज नाही, तुझं अक्षर शाळेपासून असंच आहे.

बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. काळा कोट डोळ्यांसमोर उभा राहिला. आपण लहान असताना तो कोट खुंटीवरून निघाला की घरात कोणाची मस्ती करायची छाती नसे.

मला वाटतं, तू त्यांना खरं काय ते सांगावंस. न चिडता, हात हातात घेऊन, बाबा, आज बुधवार आहे, एवढंच. त्यांनी जन्मभर खोटं सहन केलं नाही. एका माणसाकडे तिकीट नव्हतं आणि तो काढलं म्हणत होता, तर बाबांनी भर रस्त्यात बस थांबवली होती. अशा माणसाला आपण रोज त्याच्या चुकीत राहू द्यायचं, हे मला पटत नाही. सत्य सांगावं, प्रेमाने सांगावं, बाकी प्रभूवर सोडावं.

वृद्धाश्रमाचं मात्र घाईने ठरवू नकोस. उद्याचं ओझं आज कशाला उचलायचं? योगायोग बघ, या महिन्यात आमच्या विद्यार्थ्यांसाठी शिबिर आहे आणि माझ्याकडे विषय आला आहे तो हाच, देवाने दिलेला आजचा दिवस आजच जगणं. टाचणं काढता काढता नाकी नऊ आले आहेत. उद्याच्या पोरांना पाळक करायचं म्हणजे त्यांची पत्रं, त्यांच्या तक्रारी, त्यांची ताप-सर्दी, सगळं माझ्याच डोक्यावर. मला मे महिन्याशिवाय हलता यायचं नाही. तोवर धीर धर.

बाबांना माझा सलाम सांग. रोजच्या प्रार्थनेत तुम्ही दोघं आहातच.

तुझं कुशल ऐकायला उत्सुक,
दादा


२० फेब्रुवारी, गुरुवार

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. हात हातात घेतला, आवाज मऊ केला, बाबा, आज गुरुवार आहे म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मग रविवार कधी होऊन गेला, मी कुठे होतो, दाराशी कोण उभं होतं, असं विचारायला लागले. त्यांना वाटलं, त्यांच्या हातून रविवार चुकला. कामावर कधी खाडा न केलेला माणूस, दादा. पलंगावर बसून लहान मुलासारखे रडले. मी समजूत घातली, चहा दिला, कामावर उशिरा पोचले. दुसऱ्या दिवशी त्यांना यातलं काही आठवत नव्हतं, म्हणजे मला पुन्हा पहिल्यापासून तेच सांगायचं आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून रडायचं. असं तीन सकाळी केलं. चौथ्या सकाळी मी हात टेकले आणि मुकाट्याने त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. तुझ्या सत्याला माझा सलाम सांग, पण त्याला रोज सकाळी आमच्या घरी पाठवू नकोस.

आता एक बरं झालं आहे. चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशींनी आम्हाला फाटकाशी उभं बघितलं आणि त्या जरा लवकर यायला लागल्या. त्या फरशी पुसत असतात तेव्हा दार उघडंच असतं. बाबा आत जातात, कपाटातून पुस्तकं काढतात आणि दाराशी उभे राहतात. पहिलं पुस्तक मावशींना. त्या ओला हात पदराला पुसून घेतात आणि बादलीशेजारच्या बाकावर ठेवून देतात. काल वायरिंगला इलेक्ट्रिशियन आला होता, तर त्यालाही दिलं, आणि पुढे चला, पुढे जागा आहे, असं बसमधल्याच सुरात सांगितलं. तुला आठवतं ना, आपल्याकडे सगळे मागच्या बाकांवर गर्दी करतात आणि पुढचे बाक ओस पडतात. बाबांची ती जुनी तक्रार. इलेक्ट्रिशियन बिचारा एका हातात पक्कड आणि एका हातात पुस्तक घेऊन पहिल्या बाकावर बसून राहिला. त्याला वाटलं, इथे आधी बसावं लागतं.

मग बाबा स्वतःच प्रार्थना करतात. मोठी नसते. आजच्या दिवसाबद्दल उपकार मानतात, आलेल्या मंडळींबद्दल मानतात, आणि संपलं. तुझ्या शिबिराला त्यांना घेऊन जा. काल त्यांना माहीत नाही, उद्या त्यांना सुचत नाही, त्यांच्याकडे आजच्या दिवसाशिवाय काही शिल्लकच नाही. तुझा तो विषय मी रोज सकाळी स्वतःच्या हातांनी अंघोळ घालून, पट्टा लावून तयार करते. आणि तो प्रार्थना करतो तेव्हा मी डोळे उघडे ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असते. देवाशी बोलायचं सुचत नाही. आज शिट्टी किती वाजेल, एवढंच डोक्यात असतं.

शिट्टीने मला गळपट्टीवरून काढलं, हे सांगायचं राहिलं. आता मी सुटे धागे कातरते. ते काम नवीन मुलींना देतात.

खाटेचं काय सांगू, ते तू लिहिलंच नाहीस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
ठमी


३ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. माझा सल्ला चुकला. तुला उगाच तीन सकाळी सोसावं लागलं.

पण त्या इलेक्ट्रिशियनची गोष्ट फार सुंदर आहे गं. मी ती शिबिरात सांगितली. नाव वगैरे न घेता, माझ्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ, असं म्हणून. दार, पुस्तकं, आजच्या दिवसाबद्दलची ती प्रार्थना. हॉलमध्ये कित्येकांचे डोळे पाणावले. एक विद्यार्थी नंतर येऊन म्हणाला की असा विश्वास आपल्याला लाभावा. तेव्हा मला वाटलं, बाबा अजूनही लोकांना पुस्तक देत आहेत, आणि तू त्यांच्या पाठीशी उभी आहेस. ही मोठी सेवा आहे. तुला दिसत नसली तरी आहे.

मीही थकलो आहे, हे तुलाच सांगतो. हल्ली प्रवचन लिहिताना मला माझ्याच वाक्यांनी जांभया येतात. पण देव जेवढं ओझं देतो तेवढं बळही देतो. खाटेबद्दल प्रार्थना करतो आहे, अजून उत्तर मिळालं नाही. सोबत तुझ्यासाठी एक स्वेटर पाठवतो आहे. सकाळी चर्चला जाताना घाल, त्या फरशा गार असतात.

प्रभू तुला सांभाळो.
दादा


१० मार्च, सोमवार

दादा,
सलाम. स्वेटर पोचला. बाह्या लांब आहेत.

ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ! ते वाचून मला इतका राग आला की मी दोन दिवस पत्राला हात लावला नाही. तुझ्या हॉलमध्ये लोक रडले, छान झालं. त्यांना रडून झाल्यावर घरी जाता आलं. आता मी तुला पुढची गोष्ट सांगते, तीही सांग त्यांना.

काल रविवार होता. खरा. शनिवारी मला जास्तीचं काम पडलं होतं, अंगात कणकण होती, डोळ्यांत कोणी वाळू टाकल्यासारखं झालं होतं. बाबा कोट घालून आले आणि ऊठ ठमे म्हणाले. आठवड्यातला हा एकच दिवस, जेव्हा त्यांचं बरोबर असतं. आणि मी उशीतून तोंडसुद्धा वर न काढता त्यांना सांगितलं, बाबा, आज सोमवार आहे.

ते चिडले असते, रडले असते, तर मी उठले असते. पण काल, का कोण जाणे, त्यांनी माझं ऐकलं. सोमवार का, बरं बरं, असं म्हणाले. कोट काढून खुंटीला लावला. बूट पलंगाखाली सरकवले. मला झोपू द्यावं म्हणून, पायांचा आवाज न करता, ते खिडकीशी जाऊन बसले. थोड्या वेळाने चर्चची घंटा वाजायला लागली. ते दचकले. सोमवारी घंटा म्हणजे कोणाचं तरी बरंवाईट झालं, असं पुटपुटले, आणि ते दुखरे गुडघे जमिनीला टेकून, कोणीच मेलेलं नसताना, मेलेल्याच्या घरच्यांसाठी प्रार्थना करायला लागले. त्या घरात आज कोणाला जेवायची शुद्ध राहणार नाही, देवा, त्यांना कोणीतरी वाढू दे, असं मागत होते. मग माझ्यापाशी येऊन हळूच विचारलं की आपण डबा पाठवायचा का. कोणाच्या घरी पाठवू, सांग मला!

मी पांघरूण तोंडात दाबून रडले. घंटा थांबली तरी मला उठवेना. आणि सगळ्यात वाईट हे की रडता रडता मला झोप लागली. आणि ती इतकी गोड झोप होती, दादा.

मी आश्रमाला हो सांगणार आहे. मला ओझ्याइतकं बळ मिळालेलं नाही. एक तर हिशेबात कोणाची तरी चूक झाली आहे, नाहीतर माझ्या वाटचं बळ दुसऱ्या कोणाकडे पोचलं आहे. ते तुझ्याकडे आलं असेल तर घेऊन ये. माझ्यासाठी प्रार्थना करू नकोस. ये.

ठमी


२१ मार्च, शुक्रवार

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. तुला विसाव्याला इकडून धाडलं, आता तू माझ्या कॉलेजातल्या खोलीत आणि मी तुझ्या घरात बाबांपाशी, हा पत्ता पाकिटावर लिहिताना मलाच गंमत वाटली. खोलीतली खिडकी नीट लागत नाही, तिच्यात पुठ्ठा घाल. मेसचा स्वयंपाकी बोलायला तुसडा आहे, पण मागितलं की वाढतो. माझी टाचणं टेबलावर आहेत, ती वाचू नकोस. हसशील.

गेल्या शनिवारी मी बसमधून उतरून घरी न येता सरळ चर्चवर आलो. तुम्ही तिथेच असणार, हे तुझ्या पत्रांवरून मला पाठ झालं होतं. तू बाहेर नळाशी मावशींना बादली भरू लागत होतीस, म्हणून दाराशी काय झालं ते तुला दिसलं नाही, आणि नंतर माझ्याच्याने सांगवलं नाही. बाबांनी मला ओळखलं नाही. नवीन दिसताय, म्हणाले. पुस्तक हातात दिलं आणि पुढे चला, पुढे जागा आहे, म्हणाले. मी हललो नाही, तेव्हा जवळ येऊन अगदी हळू आवाजात सांगितलं की त्यांचा मुलगा मोठा पाळक आहे, तो येत नाही, त्याला फार काम असतं. ठमे, त्यांनी तक्रार केली असती तर मी सोसली असती. त्यांनी ते अभिमानाने सांगितलं. मी जाऊन पहिल्या बाकावर बसलो आणि कित्येक महिन्यांनी, टाचण न काढता, देवासमोर नुसता बसून राहिलो.

आता इथल्या बातम्या. पहिल्या सकाळी मी त्यांना मोजे उलटे घातले. दुसऱ्या सकाळी त्यांनी मला घरातून बाहेर काढलं, परका माणूस म्हणून. काकूंनी मध्यस्थी केली. तिसऱ्या सकाळी मी त्यांच्यावर ओरडलो. मी, ज्याने शिबिरात सहनशीलतेवर दोन तास घेतले होते. ते घाबरून कोपऱ्यात उभे राहिले. मग मीच रडलो आणि त्यांनी मला चहा घ्या म्हणून सांगितलं. चौथ्या सकाळी त्यांना बूट घालताना माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. बाबांना रोज रविवार, आणि तुला एकही नाही. सातवा दिवस विसाव्याचा, हे मी गेली कित्येक वर्षं पोरांना शिकवतो आहे. आपल्याच घरात एका बाईला तो मिळत नाही, हे मला तिच्या जागी उभं राहिल्याशिवाय समजलं नाही.

तुझ्या शिट्टीबाईंना भेटलो. शिट्टी खरंच वाजते, मला वाटलं होतं तू वाढवून सांगतेस. पण बाई वाईट नाहीत. त्यांच्याही घरी सासू अंथरुणाला आहे. महिनाभर रजा दिली आहे, आणि परत आलीस की गळपट्टीवर घेईन म्हणाल्या. धागे कातरायला ती फार चांगली आहे, नवीन मुलींची जागा अडते, असं म्हणाल्या. स्तुती होती की कसं, ते तूच ठरव.

टेकडीवर जाऊन आलो. खोल्या लहान आहेत, भिंतींना ओल आहे, जेवण बेताचं. मी तुला ते स्वर्ग आहे म्हणून सांगणार नाही. पण तिथे एक प्रार्थनेची खोली आहे आणि ती रोज सकाळी उघडतात. तिथल्या बाईंना मी बाबांचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, उभे राहू देत दाराशी, आमच्याकडे पुस्तकं वाटायला कोणी नाहीच. जमेल की नाही देव जाणे. एखाद्या सकाळी रडतीलही. मी हो सांगून आलो आहे, आपल्या दोघांच्या वतीने. यात काही पाप असलं तर अर्धं माझं. खाट रिकामी होईपर्यंत मी इथेच आहे. कॉलेजला तसं कळवलं आहे, आणि नंतरही दर आठवड्याला एक दिवस माझा. बैठका माझ्याशिवाय होतात, असं कळलं.

एक शेवटचं. काल प्रार्थना झाल्यावर बाबांनी दाराकडे बघून मला विचारलं की ती मुलगी आज कशी आली नाही, रोज त्यांच्याबरोबर येणारी. ती गावाला गेली, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, फार दमलेली दिसते ती. सगळे बाक रिकामे असतात, आणि ती आपली कायम दाराशी उभी. तुमची ओळख असेल तर तिला सांगा, पुढे जागा आहे.

मी सांगेन, असं त्यांना वचन दिलं आहे. म्हणून हे पत्र.

तुझा,
दादा


२३ मार्च, रविवार

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. खिडकीत पुठ्ठा घातला. टाचणं वाचली. हसले नाही, पण एका ठिकाणी जांभई आली ती खरी.

आज सकाळी तुमच्या कॉलेजची घंटा वाजली. मी उठून बसले. सवयीने पाय खाली सोडले, चपला शोधल्या. पोरं गीतं म्हणत होती, त्यांचा आवाज इथवर येत होता. मग मी परत आडवी झाले. जन्मात दुसऱ्यांदा मी रविवारची उपासना चुकवली, आणि आज कोणाशी काही खोटं बोलावं लागलं नाही. जाग आली तेव्हा उन्हं टेबलावर आली होती. घड्याळाकडे बघायचं सुचलंच नाही. पडल्या पडल्याच आजच्या दिवसाबद्दल उपकार मानले, बाबा मानतात तेवढेच. या वेळी डोळे मिटलेले होते.

मोजे आधी तळहातावर गोळा करून मग घालतात. चहात साखर कमी. सकाळी ते पुन्हा विचारतील, तेव्हा त्यांना सांग की त्या मुलीला जागा मिळाली. बसली आहे म्हणावं.

तुझी,
ठमी